अकरावी जागा

त्या कोटाला इथे कधी काम पडलं नाही. नेदरलँड्सची थंडी ओली असते, बाहीतून हळूच आत येते आणि दिवसभर मुक्काम करते, पण अंगावर धावून येत नाही. गुडघ्यापर्यंतचा तो जाडजूड निळा कोट डीमनच्या माझ्या घरात कपाटाच्या एका टोकाला वर्षानुवर्षं टांगलेला होता, कुणी न्यायला येईल म्हणून थांबून राहिलेल्या पाहुण्यासारखा. परवा शनिवारी तो बाहेर काढला. कॉलरपाशी नाक नेलं. ओल्या मफलरचा वास, बसमधल्या हीटरची करपट ऊब, आणि सगळ्यांच्या तळाशी, इतक्या वर्षांनंतरही, हिंग.

कोट वृंदाचा. वृंदा माझी बायको होती. आता ती आइंडहोवनजवळ न्यूनेनला राहते आणि मी इथे. का आणि कसं, हे मी कुणाला सांगत बसत नाही. ते सांगताना माणूस नकळत स्वतःला बरा ठरवत जातो. जाताना तिनं कोट मागे ठेवला. "तसली थंडी मी पुन्हा बघणार नाही," म्हणाली.

तसली म्हणजे मिनियापोलिसची. मिनियापोलिस आणि सेंट पॉल, मिसिसिपी नदीकाठची जुळी शहरं, अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, मधोमध. आम्ही तिथे सात हिवाळे काढले. उन्हाळेही सातच असतील, पण मोजताना हिवाळेच मोजले जातात.

कोट न्यायला तन्मय आणि मुग्धा ब्रेडाहून ट्रेननं आले होते. तन्मय माझ्या ऑफिसातला. त्याला कंपनी दोन वर्षांसाठी मिनियापोलिसला पाठवते आहे. मुग्धा त्याची बायको, ब्रेडाला मालवाहतुकीच्या एका कंपनीत काम करते. करत होती, म्हणायला हवं. शुक्रवारीच तिनं राजीनामा दिला होता.

"सर, लिफ्ट बंद आहे तुमची," दारातच तन्मय धापा टाकत म्हणाला.

"घरी तरी सर नको रे."

"मग दादा म्हणू?"

"त्यांचे केस बघ आणि मग ठरव," मुग्धा बूट काढता काढता म्हणाली. "काका, तुम्ही ह्याच्याकडे लक्ष देऊ नका."

मी काका झालो. चहा टाकला. मुग्धानं कोट अंगावर चढवला, चेन हनुवटीपर्यंत ओढली, टोपी डोक्यावर घेतली आणि आरशासमोर उभी राहिली.

"अस्वल दिसतेय."

"अस्वलाला थंडी वाजत नाही," तन्मय म्हणाला. "प्लस पॉइंट."

खिशात हात घालून तिनं एक कागदाचा कपटा बाहेर काढला. बसचं जुनं तिकीट. छपाई उडून गेलेली, नुसता पिवळट कागद. "हे तुमचं," म्हणत तिनं ते माझ्या हातावर ठेवलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा फोन काढला.

"काका, तुम्ही तिकडे फेमस आहात, माहितीये? तन्मयच्या मित्राच्या मित्रानं पाठवलंय. 'जुळ्या शहरांत काय पाहाल? आई-बाबा येणार असतील तर जरूर वाचा.' खाली तुमचं नाव आहे, आडनावासकट. तुम्हीच ना?"

फोनच्या पडद्यावर दहा जागांची यादी होती. कितव्या हातातून कितव्या हातात आली कोण जाणे. अक्षरं बदलली होती, मध्ये कुणीतरी हिरवी झाडं आणि विमानांची चित्रं घातली होती. पण वाक्यं ओळखीची होती. आणि तळाशी माझं नाव.

"हो," मी म्हणालो. "माझीच."

तोंडातून सरळ निघालं. अडखळलोसुद्धा नाही. चहा गाळायला म्हणून आत गेलो तर गाळणं हातात धरून नुसताच उभा राहिलो.

बाहेरून मुग्धाचा आवाज आला. "छान आहे यादी. पण काका, ह्यात सगळीकडे लिहिलंय, 'सहकुटुंब जा', 'दोन तास पुरतात', 'पार्किंग आहे'. मला दोन तास नाही घालवायचेत. माझ्या व्हिसावर तिथे नोकरी करता येणार नाही. मला दोन वर्षं घालवायचीत. त्याच्यासाठी काही आहे का तुमच्याकडे?"

मी चहा घेऊन बाहेर आलो. "बघतो," म्हणालो. "कुठेतरी असेल."

*

तिकडे मे महिन्यात आई-बाबांचा हंगाम सुरू व्हायचा. ज्याच्या त्याच्या घरी पुण्या-मुंबईहून कुणीतरी यायचं, चकलीचे डबे आणि मेतकुटाच्या पुड्या घेऊन. पहिले चार दिवस कौतुकात जायचे. पाचव्या दिवशी मुलगा ऑफिसला निघाला की बाबा खिडकीशी उभे राहून विचारायचे, "आज काय?" म्हणून प्रत्येक घरात एक यादी असायची. काय दाखवायचं, कुठे बसायला जागा आहे, कुठे स्वच्छतागृह जवळ आहे. पाहुणे निघाले की यादी पुढच्या घरी जायची, कुकरच्या जास्तीच्या भांड्यासारखी.

आमच्याकडे कुणी आलं नाही. आमच्या घरातली यादी वृंदानं पाहुण्यांसाठी लिहिलेलीच नव्हती.

तेव्हा सगळंच माझ्या नावावर होतं. घराचा करार, वीज, फोन, गाडी. तिच्या नावापुढे फॉर्मवर एकच शब्द छापलेला असायचा, डिपेंडंट. पुण्यात ती शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर हातानं, न बघता, महाराष्ट्राचा नकाशा काढायची. मिनियापोलिसला ती गाडी शिकली नाही, किंवा मी शिकवली नाही. दोन्ही खरं आहे. मी सकाळी सातला निघायचो. खालच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना वर बघायचो तर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी वाफेनं आंधळी झालेली असायची आणि तिच्यात एक हाताएवढा गोल पुसलेला. त्या गोलातून ती बघायची. मी हात करायचो. मग दिवसभर मला त्या गोलाची आठवण यायची नाही.

संध्याकाळी दार उघडलं की फोडणीचा वास यायचा, कोट दारामागच्या खुंटीला असायचा आणि त्याच्या टोकांवरून थेंब थेंब पाणी गळत असायचं. म्हणजे ती बाहेर जाऊन आलेली असायची. "कुठे गेली होतीस?" असं मी विचारायचो का? विचारत असेन. उत्तर आठवत नाही. उत्तराच्या वेळी मी बहुधा मोजे काढत असायचो.

*

शनिवारी ते दोघं कोट घेऊन गेले आणि संध्याकाळी मी खाली बर्गिंगमध्ये गेलो. बर्गिंग म्हणजे इथल्या इमारतींच्या तळाला प्रत्येक घरासाठी असते ती अडगळीची खोली. माझ्या बर्गिंगमध्ये एक हवा गेलेली सायकल आहे आणि अमेरिकेहून आलेली तीन खोकी आहेत, त्यातली दोन अजून उघडलेली नाहीत. तिसऱ्यात वही सापडली. वर तारेची गुंडाळी, जांभळं कव्हर, कोपऱ्यावर हळदीचा डाग.

तिथेच, सायकलच्या सीटवर वही ठेवून, उभ्या उभ्या वाचली.

पहिली जागा वनस्पतींचं काचघर. माझ्या यादीत मी लिहिलं होतं, "उष्ण कटिबंधातील झाडे. मुलांना आवडेल. दोन तास पुरतात." वहीत वृंदाचं टपोरं, फळ्यावरचं अक्षर होतं:

"जानेवारीत जा. आत शिरलीस की चष्म्यावर वाफ येईल, ती पुसू नकोस. तसंच थोडा वेळ उभी राहा. ओल्या मातीचा वास येतो. मग चष्मा हळूहळू साफ होतो आणि समोर केळ असते. पानाला हात लावू देत नाहीत, पण गुरुवारी जी बाई असते ती पाठ फिरवते."

ती कुणाशी तरी बोलत होती. अजून न आलेल्या, विमानात बसायच्या आधी रडून घेतलेल्या कुठल्या तरी मुलीशी. मी मात्र ती वाचली होती ती माहितीपत्रक म्हणून.

मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचेचे पूल आहेत. बाहेर उणे पंचवीस असताना माणसं त्यातून शर्टावर हिंडतात. मी लिहिलं होतं, "अभियांत्रिकीचा उत्तम नमुना." तिनं लिहिलं होतं, "बारा ते एक ह्या वेळात जा. जेवायला निघालेल्यांची गर्दी असते. त्या गर्दीतून भराभर चाललं की आपल्यालाही कुठेतरी पोचायचंय असं वाटतं."

धबधब्याबद्दल: "हिवाळ्यात गोठतो तेव्हा जा. कान जवळ नेलास तर आत, बर्फामागे, पाणी पडत असलेलं ऐकू येतं."

तळ्याबद्दल: "बर्फावरून चालताना खालून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. पळू नकोस. बर्फ जाड होताना तसा आवाज येतो, तडकताना नाही, असं तिथल्या मासे धरणाऱ्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी मला स्टुलावर बसायला दिलं."

सेंट पॉलच्या भाजीबाजाराबद्दल: "आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग आज्या बसतात. त्यांच्याकडे अळू मिळतो. त्यांना इंग्रजी येत नाही, आपल्याला त्यांची भाषा येत नाही, त्यामुळे खूप बोलता येतं."

ह्या ओळीपाशी मला तो अळू आठवला. एका ऑगस्टात, रविवारी, तिनं अळूवडी केली होती. वाफेचा वास जिन्यापर्यंत आला होता. मी चार-पाच खाल्ल्या आणि म्हणालो, "अरे वा, इंडियन स्टोअरमध्ये यायला लागला का अळू?" ती म्हणाली, "हो." काय वाटलं असेल तिला ते सांगताना! सेंट पॉलपर्यंत दोन बसेस, एका अनोळखी म्हातारीशी बोटांनी आणि हसण्यानं केलेला सौदा, परतताना मांडीवर सांभाळलेली पानं, हे सगळं तिनं एका "हो"मध्ये गुंडाळून ठेवलं. आणि मी आणखी एक वडी उचलली.

मग लॉन्ड्री. आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली होती. ही जागा मी हसून वगळणार होतो. शेवटी "निवासी सोयी" अशा मथळ्याखाली घातली. तिनं लिहिलं होतं, "सोमवारी सकाळी दहाला जा. तेव्हा ड्रायर सगळे चालू असतात, खोली ऊबदार होते, साबणाचा छान वास असतो. चादरी शेवटी काढ. डबल बेडच्या चादरीची एकटीनं नीट घडी होत नाही, तेव्हा दुसरं टोक धरायला कुणी ना कुणी पुढे येतंच. आपण चार पावलं जायचं, त्यांनी चार पावलं यायचं, कोपऱ्याला कोपरा. शेवटी घडी ज्याच्या हातात राहते त्यानं आभार मानायचे. मला आतापर्यंत सोमालियाची, मेक्सिकोची आणि इथलीच एक, अशा तीन मैत्रिणी चादरीमुळे मिळाल्या."

तीन मैत्रिणी. सात वर्षांत मी त्यातल्या एकीचंही नाव ऐकलं नव्हतं.

*

यादी माझ्या नावावर कशी लागली, हे सांगायला हवं. मोठी गोष्ट नाही. मोठी नव्हती म्हणूनच ती इतक्या सहज झाली.

तिथल्या मराठी मंडळाची गणेशोत्सवात स्मरणिका निघायची. चिटणीसांनी सगळ्यांना काहीतरी लिहायला सांगितलं होतं. एके सकाळी जेवणाच्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी, वृंदाची वही दिसली. उघडी होती. बाजूला पेन्सिल. मी उभ्यानं चाळली आणि मला वाटलं, चला, काम झालं. ऑफिसात दुपारच्या सुट्टीत टाईप केली. जिथे जिथे ती त्या न आलेल्या मुलीशी बोलत होती तिथे तिथे मी "पर्यटकांनी" असं केलं. पार्किंग घातलं. वेळा घातल्या. त्या दहा जागांपैकी मी स्वतः तीन पाहिल्या होत्या. चिटणीसांनी विचारलं, "लेखकाचं नाव काय टाकू?" सभासदत्व माझ्या नावावर होतं. मी माझं नाव सांगितलं. खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही, शपथेवर सांगतो. आणि तेच मला आता जास्त लागतं.

उत्सव शाळेच्या जिमखान्यात होता. रबरी बुटांच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला. बास्केटबॉलच्या जाळीला आंब्याच्या पानांचं कागदी तोरण. वृंदा मसालेभाताच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभी होती. लोक रांगेत येताना मला टाळ्या देत होते. "काय लिहिलंयस! आमचे बाबा यादी खिशात घालून हिंडताहेत." तेवढ्यात चिटणीसांच्या बायकोनं ताट पुढे केलं आणि ती वृंदाला म्हणाली, "वहिनी, भाग्यवान आहात बाई! हे तुम्हाला किती फिरवतात!"

वृंदानं भात वाढला. वर काजू येईल असा जपून वाढला.

"हो ना," ती म्हणाली. "लिंबू घेतलंत का?"

गाडीतून घरी येताना नुसता वायपरचा आवाज येत होता.

वही तिथेच थांबली. बर्गिंगच्या पिवळ्या दिव्यात मी पुढची पानं उलटली. बारा असा आकडा, पुढे टिंब, आणि त्यानंतर कोरी पानं. पण बाराच्या आधीच्या पानावर अकरावी जागा होती. ती मला आठवत होती. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

"विमानतळ. ट्राम थेट आत जाते. शुक्रवारी दुपारी तीननंतर जा. प्रवासी जिथून बाहेर येतात तिथे खांबापाशी उभी राहा, कठड्याला टेकू नकोस, ती जागा खऱ्या वाट बघणाऱ्यांची. माणसं बाहेर येतात, आपलं माणूस शोधतात, आणि सापडलं की त्यांचा चेहरा बदलतो. ते बघायचं. शोधताना त्यांची नजर क्षणभर आपल्यावरूनही फिरते. तेवढं पुरतं. कुणी विचारलं तर सांगायचं, आमचे येताहेत. पाचच्या ट्रामनं निघालं की पोळ्या वेळेवर होतात."

ह्या मजकुरावर पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती. समासात माझं अक्षर: "पर्यटकांच्या उपयोगाचं नाही."

*

रविवारी सकाळी तिला फोन केला. आम्ही दिवाळीला आणि वाढदिवसाला बोलतो. हे दोन्ही नव्हतं.

"थांब हं," पलीकडून सुस् सुस् असा आवाज येत होता. "टायरमध्ये हवा भरतेय. हं, बोल. बरा आहेस ना?"

"बरा आहे. वृंदा, तुझी वही सापडली. मिनियापोलिसची."

"ती जांभळी? ती आहे अजून?"

मी सगळं सांगितलं. तन्मय, मुग्धा, कोट, ती हिंडत हिंडत आलेली यादी. आणि मुग्धानं विचारल्यावर मी "माझीच" म्हणालो, हेही.

"मग काय झालं," ती म्हणाली. "तेव्हापण तसंच म्हणाला होतास."

रागानं नाही म्हणाली. बसचा मार्ग सांगावा तशी म्हणाली.

"आज मी तिला खरं सांगणार आहे. तू लिहिलंस तसं सगळं पाठवतो, तुझ्या नावानं. अकरावी जागासुद्धा. मी ती काढली होती—"

"अकरावी नको पाठवूस."

"अगं, पण तीच तर—"

"तुझी चूक दुरुस्त करायला त्या पोरीला कशाला घाबरवतोस? अजून गेलीसुद्धा नाहीये ती. हे वाचलं तर विमानात बसून रडेल. बाकीच्या दहा पाठव. बसचे नंबर बदलले असतील, आधी बघून घे म्हणावं. काचघरातली ती गुरुवारची बाई आता नसेल. आणि तिला माझा नंबर दे. शुक्रवारी दुपारी काय करायचं ते मी सांगेन तिला, वेळ आली तर."

मी विचारलं, "मग ती अकरावी कुणासाठी लिहिली होतीस?"

पंपाचा आवाज थांबला.

"त्या दहा जागा नव्या येणाऱ्या बायकांसाठी होत्या. ती तुझ्यासाठी होती." तिचा आवाज फोनपासून जरा लांब गेला आणि परत आला. "म्हणून तर वही उघडी ठेवली होती ना, त्याच पानावर, तुझ्या चहापाशी. तोंडानं सांगायला जमत नव्हतं. पेन्सिलही मीच ठेवली होती. वाटलं, वाचशील. काहीतरी लिहिशील."

मी वही उघडून ती तिरकी रेघ पाहिली.

"लिहिलंस की," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "'पर्यटकांच्या उपयोगाचं नाही.' मी दोन दिवस वाट बघितली, वाटलं पुढे आणखी काहीतरी असेल."

"वृंदा, मला..."

"फोनवर नको रे. मला निघायचंय. तीन नव्या मुली आल्यात गावात, त्यांना सायकल शिकवतेय. एक तर अशी पडते रोज, आणि पडल्यावर मलाच ओरडते." मग म्हणाली, "कोट दिलास ते बरं केलंस. खुंटीला टांगून टांगून त्याच्या आतली पिसं खाली बसली असतील. तिला सांग, ड्रायरमध्ये दोन टेनिसचे बॉल टाकून फिरव. फुगतो परत."

फोन ठेवल्यावर मी मुग्धाला लिहिलं: "मुग्धा, काल मी खोटं बोललो. ती यादी माझी नाही. वृंदाची आहे, कोटही तिचाच. मी त्यातल्या बहुतेक जागा पाहिलेल्या नाहीत. तिनं लिहिलेल्या दहा जागांचे फोटो पाठवतो आहे. दोन वर्षांसाठी तू मागितलीस ती यादी हीच. ज्यांच्याकडून माझ्या नावाची आली त्यांनाही हेच पाठव आणि माझं नाव काढायला सांग." खाली वृंदाचा नंबर दिला, आणि टेनिसच्या बॉलचं लिहिलं.

तिचं उत्तर लगेच आलं नाही. दुपारी आलं. "काका, केळीचं वाचून रडले. तन्मय म्हणतोय, आता अजून चार कोट आण, सगळ्यांच्या खिशात बघू. वृंदाताईंना फोन करते."

*

डीमनहून स्किपोल विमानतळ लांब नाही. रविवारी दुपारी मी ट्रेनमध्ये बसलो. बाहेर सपाट, ओलं हिरवं आणि त्यावर राखाडी आभाळ, इथे नेहमी असतं तसं.

आम्ही दोघं ह्याच विमानतळावर उतरलो होतो, अमेरिका सोडून इथे आलो तेव्हा. आम्हाला घ्यायला कुणी येणार नव्हतं. सरकत्या दारातून बाहेर आल्यावर वृंदा ट्रॉली सोडून थांबली होती. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे, त्यांच्या फुलांकडे, फुग्यांकडे, एकेका चेहऱ्यावरून बघत होती. मी तिच्या कोपराला धरून म्हणालो होतो, "चल, ट्रेन जाईल." ती शेवटच्या खांबाकडे बघत होती. तिथे कुणीच नव्हतं. मला आठवतंय, कारण मीही वळून बघितलं होतं, की असं काय आहे तिथे.

आता तिथे मी उभा राहिलो. खांबापाशी, कठड्याला न टेकता. कॉफीचा वास, ओल्या छत्र्या, फरशीवर सूटकेसच्या चाकांची न संपणारी घरघर. दार सरकायचं, माणूस बाहेर यायचा, दोन पावलं टाकून शोधायचा. तिनं लिहिलं होतं ते अगदी खरं होतं. चेहरा आधी कोराच असतो. मग कुठल्या तरी एका जागी नजर जाऊन थांबते आणि तो उजळतो. आणि त्याच्या आधी, अर्धा क्षण, त्यांची नजर आपल्यावरूनही जाते. आपण ते नसतो. नजर पुढे सरकते. दहा मिनिटांत मला कळलं की हे दर शुक्रवारी, दोन तास, हसऱ्या तोंडानं करायला किती बळ लागत असेल. मी अर्ध्या तासात दमलो.

शेजारी एक म्हातारी डच बाई लांबलचक कापडी फलक घेऊन आली. "घरी स्वागत" असं त्यावर रंगानं लिहिलं होतं. तिचा नवरा गाडी लावायला गेला होता, आणि एकटीनं फलक धरला की तो मध्येच लोंबत होता.

"जरा धरता का?" तिनं डचमध्ये विचारलं.

मी एक टोक धरलं.

"तुमचं कोण येतंय?"

सांगायचं उत्तर मला पाठ होतं. आमचे येताहेत. ते वृंदाचं होतं, मी ते घेतलं नाही.

"कुणी नाही," मी म्हणालो. "नुसताच आलोय."

तिनं मान हलवली. विचित्र वाटलं असेल, पण टोक काढून घेतलं नाही.

तिची मुलगी आली, उन्हानं रापलेली, पाठीवर केवढी मोठी सॅक. तिची नजर आधी माझ्यावर पडली, मग फलकावर, मग आईवर. बाई टोक सोडून धावली. मी माझं टोक धरून तसाच उभा होतो, फलक जमिनीला लागू नये म्हणून हात उंच करून. बराच वेळ त्या दोघी एकमेकींना सोडत नव्हत्या.

मग बाईला आठवण झाली. डोळे पुसत परत आली, पडलेलं टोक उचललं, आणि मी काही म्हणायच्या आत कापड ताणून माझ्यासमोर उभी राहिली. ती चार पावलं आली. मी चार पावलं गेलो. कोपऱ्याला कोपरा लागला. तिनं तिचे कोपरे माझ्या हातात दिले आणि दुमडलेली कडा पकडायला खाली वाकली. अजून एकदा चार पावलं. लग्नाची इतकी वर्षं गेली, इतक्या चादरी घरात आल्या, पण ही चार पावलं मी कधी चाललो नव्हतो.

घडी माझ्या हातात राहिली. मी ती बाईला दिली आणि धन्यवाद म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं, परका माणूस आहे, चुकून म्हणाला.